‘हो’ ऐकून ‘नाही’ लिहिले

नोंद. दिनांक नऊ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. रुग्णालयाच्या तळमजल्यावरील एमआरआय विभागात बासष्ट वर्षांच्या एका गृहस्थांना विचारण्यात आले, "चहा-कॉफी घेतली नाही ना?" गृहस्थ म्हणाले, "हो." अर्जावरील चौकटीत ‘नाही’ असे लिहिले गेले. पुढे रुग्णालयाच्या चौकशी समितीने या प्रसंगाचे वर्णन "रुग्णाने असत्य माहिती दिली" अशा चार शब्दांत केले. चारपैकी तीन शब्द बरोबर आहेत. तक्रार उरलेल्या एका शब्दाबद्दल आहे.

ज्या हाताने ती चौकट भरली, त्या हाताला तेवीस वर्षांची सवय होती. हात तंत्रज्ञबाईंचा. विभागात त्यांना सगळे ‘श्वासबाई’ म्हणत, कारण काचेच्या अलीकडे बसून, मायक्रोफोनचे बटण दाबून, दिवसातून दोन-अडीचशे वेळा त्या सांगत असत : "श्वास घ्या. सोडा. रोखा. हलू नका." आणि मग, बोगद्यात पडलेल्या माणसाला आपण विसरले गेलो असे वाटू नये म्हणून, "हं, आता घ्या." या शेवटच्या तीन शब्दांत अशी काही माया असे की, एका म्हाताऱ्या रोग्याने बाहेर आल्यावर चपला घालता घालता विचारले होते, "ताई, घरी गेल्यावर पण तुम्हाला विचारूनच घ्यायचा का?" विभाग आठवडाभर त्यावर हसत होता.

घरी त्यांचे यजमान घड्याळे दुरुस्त करीत. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचे टेबल, त्यावर भिंग, चिमटे आणि उघडी पडलेली पंधरा-वीस घड्याळे. "ही चुंबकाच्या खोलीतून दारात पाऊल टाकते ना," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "की माझी चार घड्याळं भीतीनंच मागं पडतात." बाई उत्तर देत, "घड्याळांचं सोडा, तुम्ही तरी वेळेवर उठता का?" संसार असा चालला होता. बाईंच्या कपड्यांना खिसे नसत, केसांत पिन नसे, हातात अंगठी नसे. समोरच्याच्या अंगावरचे लोखंड त्यांना वासाने कळते, अशी ख्याती होती. प्रश्नावलीतले अठरा प्रश्न त्यांना पाठ होते, आणि पाठ असणे म्हणजेच नीट करणे अशी त्यांची समजूत होती. ही समजूत त्यांची एकटीची नव्हे. शिक्षणाने, नोकरीने आणि बढत्यांनी ती आपल्या सगळ्यांच्याच गळी उतरवलेली आहे.

हृदयाची ताण-चाचणी हे बाईंचे खास काम. ही चाचणी म्हणजे हृदयाला निजल्या जागी जिना चढायला लावणे. एका हाताच्या शिरेतून औषध सोडतात. तीन-चार मिनिटे हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, नाडी वाढते, तोंड तापते, छातीत कोंडल्यासारखे होते. त्याच वेळी दुसऱ्या हातातून कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन जाते. ते रक्ताबरोबर हृदयात शिरते आणि चित्रात उजळते. ज्या स्नायूला रक्त पुरते तो उजळतो. ज्याला पुरत नाही तो काळा राहतो. डॉक्टरांना तो काळा पट्टा हवा असतो, कारण कोणती वाहिनी तुंबली आहे ते त्यावरून कळते. परंतु रोग्याने आदल्या चोवीस तासांत चहा-कॉफी घेतली असेल, तर औषध हृदयाच्या दाराशी जाते आणि दार बंद पाहून परत फिरते. हृदय जिना चढतच नाही. ते बसून राहते, आणि बसून राहिलेल्या हृदयाचे चित्र अगदी निर्दोष येते.

यावर एक पडताळा आहे. चित्राच्या कोपऱ्यात, हृदयाच्या खालच्या अंगाला, प्लीहा, म्हणजे पाणथरी, दिसते. औषध लागू पडले की तिचा रक्तपुरवठा आटतो आणि ती काळवंडते. ती उजळच राहिली, तर औषध लागले नाही असे समजावे. नव्याने आलेल्या तंत्रज्ञांना बाई शिकवीत, "हृदयाकडे डॉक्टर बघतील. तुम्ही प्लीहेकडे बघा. कोणी चहा पिऊन आलं असेल, तर ती चहाडी करते." हा विनोद त्यांचा स्वतःचा होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पुढे तो आठवला की त्यांना मान वर करवत नसे.

त्या बुधवारी आलेले गृहस्थ दुकानांच्या पाट्या रंगवीत. छापील फलकांच्या दिवसांतही ब्रशने अक्षर काढणारे गावात ते शेवटचे, म्हणून त्यांना ‘पाटीवाले’ म्हणत. आपण रंगवलेल्या एकाही पाटीवर शुद्धलेखनाची चूक नाही, असे ते सांगत. आणि कोणी हसले, तर त्याला सोबत नेऊन पाट्या दाखवीत. अलीकडे शिडीच्या सातव्या पायरीवर छातीत कोणी मूठ आवळावी तसे होई. खाली उतरले की थांबे. त्यांचा प्रश्न साधा होता : शिडी चढायची की सोडायची? आणि सोडायची तर करायचे काय?

रिसेप्शनवरून त्यांना फोनवर एवढेच सांगितले गेले होते, "उपाशीपोटी या." ते उपाशीपोटीच आले. चहाला कोणी खाणे म्हणत नाही. "सकाळपासून नुसता चहावर आहे" असे म्हणणारा माणूस आपण उपाशी असल्याचीच कैफियत मांडीत असतो. पाटीवाले पहाटे साडेपाचला उठून दोन कप कोरा, कडक चहा घेऊन निघाले होते, आणि हे लपवावे असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

बाईंना त्या दिवशी बारा मिनिटे उशीर झालेला होता. यादीत अकरा नावे होती. अर्ज लावलेली लिहिण्याची पाटी मांडीवर घेऊन त्यांनी सुरुवात केली.

"अंगात पेसमेकर, खिळा, पट्टी काही नाही ना?"

"नाही."

"दमा नाही ना?"

"नाही."

"किडनीचा त्रास नाही ना?"

"नाही."

"चहा-कॉफी घेतली नाही ना?"

"हो, म्हणजे सकाळी..."

"ठीक. बंद जागेची भीती नाही ना वाटत?"

पाटीवाले हसले. "तीस वर्षं शिडीवरनं रस्ता बघतोय, ताई. बंद जागेत मला कोणी बोलावलंच नाही कधी. बघू, कशी असते ती."

बाईही हसल्या. हसता हसता पेन पुढच्या चौकटीवर गेले.

वरच्या नोंदीत नुसते "हो" लिहिले आहे, कारण तक्रारीत तेवढेच आले. परंतु बाईंच्या कानात "हो, म्हणजे सकाळी" हे सगळे गेले होते. तीन प्रश्नांना ‘नाही’ म्हणणारा माणूस चौथ्याला ‘हो’ म्हणतो, हा फरकही कानाने टिपला होता. ‘घेतली नाही ना?’ याला दिलेले ‘हो’ दोन्हीकडे झुकते : ‘हो, नाही घेतली’ आणि ‘हो, घेतली’. बाईंनी ते आपल्या सोयीच्या बाजूला झुकवले. मुद्दाम नव्हे. घाईतल्या माणसाला मुद्दाम काही करावे लागत नाही.

चाचणी सुरू झाली. औषध सुरू असताना डॉक्टरांनी खोलीत हजर राहावे असा नियम आहे. डॉक्टर दारात उभे राहून फोनवर बोलत होते. दुसऱ्या मिनिटाला बाईंनी बटण दाबून विचारले, "काका, काही वाटतंय का? गरम? छातीत जड?"

आतून आवाज आला, "छे! गार लागतंय. पांघरूण मिळेल का?"

नाडी बहात्तर होती, ती चौऱ्याहत्तर झाली. कॉन्ट्रास्ट गेला. पडद्यावर उजेड उजव्या कप्प्यातून फुप्फुसांत, तेथून डाव्या कप्प्यात आणि मग स्नायूत पसरला. सगळीकडे सारखा, एकसंध. आणि कोपऱ्यात प्लीहा होती, दिवा लावून ठेवावा तशी.

बाईंनी ती पाहिली. ओझरती नव्हे, चार सेकंद पाहिली. "थांबा, यांनी चहा घेतलाय का ते परत विचारते" असे म्हणायला चार सेकंद पुष्कळ झाले. पण मग रोग्याला परत पाठवायचे, नवी तारीख द्यायची, आणि ‘विचारलं नव्हतं का?’ या प्रश्नाला तोंड द्यायचे. मोठ्या डॉक्टरांना दिसेलच, असे त्यांनी मनाशी म्हटले. मोठे डॉक्टर, म्हणजे विभागप्रमुख, वरच्या मजल्यावर एमआरआय, सीटी आणि एक्स-रे अशा तिन्ही यंत्रांची चित्रे एकटे वाचीत. त्यांनी नाडीचा आकडा पाहिला असेल, तर अहवालात तसे काही उमटले नाही. अहवाल असा : "रक्तपुरवठा सर्वत्र समान. दोष आढळला नाही."

पाटीवाल्यांनी तो कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि एकोणिसाव्या दिवशी वाचनालयाची पाटी रंगवायला शिडी लावली. ‘सार्वजनिक वाचना’ इथपर्यंत अक्षरे झाली होती. छातीतली मूठ आवळली. हे काही हृदयाचे नाही, कागद खिशात आहे, असे मनाशी म्हणून ते थोडे थांबले, मग तीन पायऱ्या उतरले, शिडीला मिठी मारली आणि तेथून फरशीवर पडले. शेजारच्या दुसऱ्या रुग्णालयात तुंबलेली वाहिनी मोकळी केली गेली. पण हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा तोवर मेला होता. जीव वाचला. पाटीवरची उरलेली ‘लय’ ही दोन अक्षरे पुढे कोणीतरी प्लॅस्टिकची कापून चिकटवली. ती बाकीच्यांशी जुळत नाहीत. बाईंचा कामावर जाण्याचा रस्ता त्याच पाटीखालून जातो.

पाटीवाल्यांच्या मुलीने तक्रार नोंदवली. अकरा डिसेंबरला चौकशी झाली : लांब टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचा जग. अध्यक्षांनी अर्ज समोर धरून विचारले, "बाई, तुम्ही प्रश्न विचारला होता ना?"

"हो."

"आणि ते नाही म्हणाले ना?"

बाईंनी अर्जाकडे पाहिले. चौकटीत त्यांच्याच वळणदार अक्षरात ‘नाही’ होते.

"हो," त्या म्हणाल्या. "नाही म्हणाले."

एवढेच. प्लीहेबद्दल कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. बाहेर आल्यावर मोठे डॉक्टर म्हणाले, "छान बोललात. मुद्देसूद." त्या शाबासकीने बाईंच्या अंगावर जो शहारा आला, तो पुढे अनेक दिवस गेला नाही. तेवीस वर्षांत त्यांना कामावर कोणी ‘छान’ म्हटले नव्हते. म्हटले ते खोटे बोलण्यावर.

मग ते चार शब्दांचे पत्र गेले.

शरमेचा बोभाटा होत नाही. ती लहानसहान गोष्टींत राहते. बाई वाचनालयाच्या बाजूने न जाता वळसा घालून जाऊ लागल्या. दुपारच्या चहाला सगळ्यांकडे पाठ करून उभ्या राहू लागल्या, आणि अर्धा कप बेसिनमध्ये ओतू लागल्या. "हं, आता घ्या" म्हणताना त्यांचा आवाज सपाट येऊ लागला. नव्या तंत्रज्ञांना प्लीहा शिकवायची वेळ आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "पुस्तकात आहे, वाचा."

घरी यजमानांना काही कळत नव्हते असे नाही. भिंग लावणाऱ्या माणसाला बारीकसारीक दिसते. पण ते विचारीत नव्हते. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी कोणी गिऱ्हाईक घड्याळ घेऊन आले. बाई पलीकडे भाजी निवडीत होत्या.

यजमान घड्याळ कानाशी नेत म्हणाले, "कधी पडलं हो?"

"मागच्या रविवारी," गिऱ्हाईक म्हणाले, आणि मग ओशाळून, "तुम्हाला कसं कळलं?"

गिऱ्हाईक गेल्यावर बाईंनी विचारले, "खरंच, कसं कळलं?"

"मला कुठं कळलं? मी सगळ्यांनाच तसं विचारतो." यजमानांनी भिंग कपाळावर सरकवले. "‘पडलं नाही ना?’ असं विचारलं तर माणूस काय सांगणार? नाहीच म्हणणार. आपणच त्याच्या तोंडात ‘नाही’ कोंबतो. ‘कधी पडलं’ म्हटलं की त्याला आठवावं लागतं. नसलं पडलं, तर तो सांगतोच की ठणकावून."

बाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. मग त्या म्हणाल्या, "माझ्या हातून एक घड्याळ पडलंय."

यजमान विनोद करणार होते. बाईंचा चेहरा पाहून त्यांनी भिंग खाली ठेवले. बाईंनी सगळे सांगितले : ‘हो’, प्लीहा, टेबल, शाबासकी. ऐकता ऐकता त्यांनी समोरचे उघडे घड्याळ मिटून ठेवले. मग एवढेच म्हणाले, "तो माणूस खोटारडा ठरला ना ग?"

बाई म्हणाल्या, "ठरला नाही. मी ठरवला."

तेरा फेब्रुवारी, गुरुवार. यादीत तिसरे नाव पाटीवाल्यांचे होते. हृदयाचा किती भाग जिवंत आहे आणि बाकीच्या वाहिन्या रक्त पुरवतात का, हे पाहण्यासाठी त्यांना याच एमआरआय यंत्रात परत यावे लागले; गावात दुसरे नाही. बाईंना पाळी बदलून घेता आली असती. सहकारी तयारही होती. त्यांनी बदलली नाही, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवणे भाग आहे.

पाटीवाले मुलीचा हात धरून आले. निम्मे झाले होते. पण आवाज ऐकताच म्हणाले, "अरे, श्वास रोखणाऱ्या ताई! तुमच्या हाताखाली मागच्या वेळी बराच गारठलो होतो."

मुलगी हसली नाही. तिच्या पिशवीत ते पत्र होते, आणि ते कोणी मागितल्याशिवायच तिने बाहेर काढून मांडीवर ठेवले.

बाईंनी पाटी घेतली. अर्जावर छापलेले होते : चहा/कॉफी घेतली नाही ना? त्यांनी ते वाचले नाही. विचारले, "काका, शेवटचा चहा कधी घेतलात?"

"परवा संध्याकाळी, पाच वाजता. अर्धा कप. ही समोर उभी होती, उरलेला हिनं ओतून टाकला." पाटीवाले थांबले. "मागच्या वेळी असं विचारलं असतंत, तर सांगितलं असतं हो मी. मी काही लपवलं नव्हतं. मी तर हो म्हणालो होतो. की ‘नाही’ म्हणालो? आता माझाच मला भरवसा वाटत नाही. त्या पत्रात असत्य लिहिलंय, म्हणजे म्हणालोच असेन मी काहीतरी भलतं. वय झालं."

हे ऐकल्यावर बाईंना कळले की, आपण या माणसाच्या हृदयाचाच नव्हे तर आठवणीचाही एक तुकडा मारला आहे.

"तुम्ही हो म्हणालात," त्या म्हणाल्या. "‘हो, म्हणजे सकाळी’ असं म्हणालात. मी पुढचं ऐकून घेतलं नाही. कागदावर ‘नाही’ लिहिलं, आणि चौकशीत तुम्ही ‘नाही’ म्हणालात असं सांगितलं. मी खोटं सांगितलं, काका."

मुलगी उठून उभी राहिली. पाटीवाले मात्र बाईंकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग येऊन गेला, आणि मागे एखादी गाठ सुटल्यासारखे काही राहिले.

"म्हणजे मी हो म्हणालो होतो," ते मुलीला म्हणाले. "ऐकलंस? म्हणालो होतो." मग बाईंकडे वळून, कोरड्या आवाजात : "तोंडी नको, ताई. लिहून द्या. आमच्या धंद्यात लिहिलेलंच दिसतं. आणि चूक जेवढ्या मोठ्या अक्षरात झाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्त करायची असते."

क्षमा त्यांनी केली नाही. बाईंनी ती मागितलीही नाही. मागायचे धाडस झाले नाही.

चाचणी नीट झाली. तिसऱ्या मिनिटाला आतून आवाज आला, "ताई, तोंड तापलंय, छातीत कोंडतंय." नाडी सत्तरवरून पंच्याण्णववर गेली होती. "औषधाचं आहे, काका, दोन मिनिटांत जाईल, मी इथंच आहे," बाई म्हणाल्या. कोपऱ्यात प्लीहा काळवंडत विझली. आणि हृदयाच्या कडेला, जेथे मागच्या वेळी सगळे एकसारखे उजळ होते, तेथे मेलेला तुकडा आणि त्याच्या शेजारी आणखी एक काळा पट्टा उठून दिसला. दुसरी वाहिनीही अरुंद होती. ती तेव्हाही असणार. बाईंनी डॉक्टरांना फोन ठेवायला लावला आणि पडद्यासमोर उभे केले.

दुपारी त्यांनी अर्ज लिहिला. "अकरा डिसेंबर रोजी मी समितीसमोर केलेले निवेदन असत्य होते. रुग्णाने दिलेली माहिती सत्य होती." ‘असत्य’ हा शब्द त्यांनी समितीच्या पत्रातूनच उचलला. खाली प्लीहेबद्दल आणि नाडीबद्दल चार ओळी.

मोठ्या डॉक्टरांनी तो वाचला. "हे आता कशाला उकरता? माणूस जिवंत आहे ना?"

तेवीस वर्षांत पहिल्यांदा बाईंनी अशा ‘ना?’च्या प्रश्नाला नुसते ‘हो’ म्हटले नाही. "जिवंत आहेत. शिडी चढू शकत नाहीत. आणि तुमच्या पत्रात खोटारडे आहेत."

अर्जावर आवक विभागाचा शिक्का बसला. बाईंची बदली एक्स-रे विभागात झाली; तेथेही श्वास रोखायला सांगावे लागते, पण एकदाच. रुग्णालयाने मुलीला कळवले की, "प्रकरण यापूर्वीच निकाली निघालेले आहे." ‘असत्य’ हा शब्द आजही त्या पत्रात आहे, आणि चाचणीच्या अर्जावर तोच प्रश्न आजही छापला जात आहे. पाटीवाल्यांनी बाईंच्या अर्जाची नक्कल मागून घेतली आणि घराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. तिच्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. त्या त्यांनी लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या आहेत.

बाई पुन्हा वाचनालयाखालून जातात. ‘लय’ बाकीच्या अक्षरांशी अजून जुळत नाही. मान वर करून ते पाहायचे, हे त्यांनी स्वतःला लावून घेतले आहे.

वाचकांकडे मागणी एवढीच : तुम्हाला कोणी "नाही ना?" असे विचारले, तर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळे होऊ नका. पूर्ण वाक्य सांगा, आणि समोरच्याने ते तुमच्यादेखत लिहीपर्यंत जागचे हलू नका. आणि विचारणारे तुम्ही असाल, तर तो प्रश्न आजच खोडा, आणि त्या जागी लिहा : कधी घेतलात?